चार चकत्या

माझी पत्नी बुधवारी दुपारी वारली. तिच्यापाशी शिकायला येणाऱ्या मुली पाट्या घेऊन अंगणात आल्या होत्या. माझ्या भावानं त्यांना परत पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे याला 'बसायला जाणं' म्हणतात, आणि लोक खरोखरच बसायला येतात. अनसिंगकडून, वाशीमकडून बैलगाड्या आल्या. ओसरीवर घोंगड्या अंथरलेल्या होत्या. आलेला माणूस आधी थोडा वेळ जमिनीकडे पाही. मग एक सुस्कारा टाकी, "बाई चांगली होती" म्हणे, आणि चंची सोडी. पान लावलं, तंबाखू मळली की बोलणं सरकीच्या पेरणीवर जाई. ओसरीच्या कडेला तिनं अबोलीची रोपं लावली होती. सगळे तिथंच थुंकत. दूर जाऊन थुंकायला उठावं लागलं असतं. मी संध्याकाळी त्या पानांवर पाणी ओतत असे, आणि सकाळी पानं पुन्हा तांबडी होत. मी बोलणारा माणूस नाही. मी पाणी ओतत राहिलो.

तंबाखूनंतर बोलणं तेरवीवर, तेराव्याच्या जेवणावर, येई. गोड काय करणार, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी फक्त मान हलवू लागलो. तिला ताप होता, तो किती चढला, ती काही बोलली का, हे विचारणारी माणसं थोडी होती. लाडू की शिरा, हे मात्र प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं.

तिला तेरवीची शिसारी होती. तिच्या वडिलांच्या तेरवीला पंगतीतल्या कुणी तरी लाडू कच्चे राहिल्याची तक्रार केली, आणि तिची आई, कपाळ पुसलेली, त्याची समजूत काढायला उठली. ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. कुठून तेरवी जेवून मी आलो की ती म्हणे, "मेल्याच्या नावानं ढेकर देऊन आले का?" मी हसत असे. तिनं मला कधी वचनात बांधलं नाही. तसा विषय निघण्याचं तिचं वयच नव्हतं.

ती शाळेत गेलेली नव्हती. वाचायला ती माझ्यापाशी शिकली आणि मग माझी पुस्तकं माझ्यापेक्षा बारकाईनं वाचू लागली. मी गावच्या बोर्डाच्या शाळेत चौथीचा मास्तर. शाळेत मुलीही घ्याव्या असं डिपोटीसाहेब दर तपासणीला सांगून जात, आणि गाव त्यांना हो म्हणून वाटेला लावी. तेव्हा दुपारची भांडी झाली की आमच्या अंगणात निंबाखाली तिनं मुलींना बसवायला सुरुवात केली. पहिली आली माझ्या भावाची मुलगी, कारण तिला फक्त मधली भिंत ओलांडायची होती. मग आबाजींची नात आली. आबाजी गावातलं वडीलधारं माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांची नात येते म्हटल्यावर आणखी काहीजणी आल्या. बाई शिकवते, बाईच्या घरात शिकवते, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

गोलाचा धडा त्या नातीमुळेच निघाला. तिच्या घरी लग्नाच्या पोळ्या झाल्या होत्या आणि तिला पीठ वाढायला बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं येऊन विचारलं, कणकेचा मोठा गोळा असतो तेव्हा मूठभर कोरड्या पिठानं त्याचं अंग झाकतं, पण त्याच गोळ्याच्या लाट्या केल्या की ताटभर पीठ सरतं. कणीक तर तेवढीच असते, मग काहून?

माझ्या पत्नीनं तो प्रश्न रात्री जेवताना मला सांगितला. मी पुस्तक काढून दाखवलं. परिघाला व्यासानं गुणावं म्हणजे गोलाचं पृष्ठफळ निघतं, असा नियम त्यात आहे. मी तो चौथीला एका सुरात म्हणून घेत असे आणि मुलं तो डोलत म्हणत. तिनं तो दोनदा वाचला.

"पुस्तक बरोबरच असन," ती म्हणाली, "पन पीठ काहून सरते, हे त्यात कुठी हाये?"

मग तिनं आपली रीत काढली. शेतातली काळी माती मळून तिचे दोन सारखे गोळे केले. एक गोळा दोऱ्यानं मधोमध कापला. कापलेली बाजू अंगणात टेकवून तिच्याभोवती चुन्याची रेघ ओढली, की झाली चकती. अशा सहा चकत्या तिनं काढल्या. दुसरा गोळा अख्खा ठेवला आणि मुलींना तुरीची डाळ दिली. डाळीची फुगीर बाजू मातीत दाबायची आणि सपाट बाजू वर ठेवायची, दाण्याला दाणा लावून, मधे माती दिसता कामा नये. मुलींनी दुपारभर तो गोळा मढवला. संध्याकाळी तो पिवळा, खरबरीत, एखाद्या फळासारखा झाला होता. आता हीच डाळ काढून चकत्या भरायच्या आणि किती भरतात ते पाहायचं. एका गोळ्याची कातडी कळली, की मग तो मोडून लहान गोळ्या करायच्या आणि त्यांची कातडी पाहायची. लाट्यांचं उत्तर तिथं होतं.

पण ऊन उतरलं. तिनं त्यांना घरी जाऊन अंदाज करायला सांगितलं. नात म्हणाली, गोळा एक आन् चकती एक, मंग एकच भरन. पुतणी म्हणाली तीन. सगळ्यात धाकटी म्हणाली सहा, कारण काकूनं काढल्या सहा. तिघींचा वाद गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. सहा कशाला काढल्या, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की चारच काढल्या असत्या तर पोरींनी डाळ हातातसुद्धा घेतली नसती. त्या रात्री तिला ताप भरला.

मुली पुन्हा आल्या त्या सुतकात, एका सकाळी. शाळेला मी जात नव्हतो. ओसरी तेवढ्यापुरती रिकामी होती. त्या फाटकाच्या आत येऊन उभ्या राहिल्या. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. सुतकाच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही, हे त्यांना आयांनी बजावलेलं असणार. नातीनं मला विचारलं, "मास्तरकाका, किती भरल्या?"

मला क्षणभर ती काय म्हणते ते कळलं नाही. मग कळलं.

पुतणीला आमचं सुतक होतंच, तेव्हा हात तिचे चालणार होते. तिनं गोळा बाहेर आणला. माती वाळून तडकली होती, दाणे सैल झाले होते. चुन्याच्या रेघा पायांखाली पुसून गेल्या होत्या, त्या मी पुन्हा काढल्या, सहाच. बाकीच्या मुली हातभर अंतरावर उकिडव्या बसल्या आणि हात पाठीमागं बांधून हुकूम देऊ लागल्या. इथं फट राहिली. तो दाणा उलटा हाये. घसरव ना वं त्याले जरासा. पुतणी घामाघूम झाली आणि म्हणाली, तुमीच मरा ना मंग. मग तिनं जीभ चावून माझ्याकडे पाहिलं. त्या आठवड्यात आमच्या घरात बोलला गेलेला तो पहिला स्वच्छ शब्द होता, असं मला वाटलं.

चौथी चकती भरली आणि ओंजळीत थोडेसेच दाणे राहिले. धाकटी रिकाम्या दोन चकत्यांकडे रागानं पाहत होती. ते उरलेले दाणे कुठले, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की डाळ काही सगळी एका मापाची नसते. नात पुढं वाकून भरलेल्या चकत्या पुन्हा मोजू लागली. मग तिनं विचारलं, "काकूले माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुम्ही भरून पाहावं म्हणून," मी म्हणालो.

तेवढ्यात फाटकात आबाजी आले. त्यांच्याबरोबर माझा भाऊ होता. आबाजींनी अंगणात पाहिलं. सुतकाच्या घरी रांगोळीसुद्धा काढत नाहीत, आणि इथं चुन्याची सहा मंडळं होती, चार भरलेली, दोन मोकळी. मधे तडकलेला काळा गोळा, त्याच्या अंगावर खळगेच खळगे. भोवती कुवार पोरी हात मागं बांधून बसलेल्या. मी पाहिलं की म्हातारा एक पाऊल मागं सरला. तो भ्यायला होता.

मी सांगू लागलो. गोलाचं पृष्ठफळ, चकती, डाळ. माझा शब्द न् शब्द त्यांना मंत्रासारखा लागत असावा. भावानं मान खाली घातली. नातीला आबाजींनी दंडाला धरून नेलं, इतर आपापल्या पळाल्या. दुपारपर्यंत गावात झालं की मास्तर मेलेल्या बायकोला बोलवून राहिला आणि त्यासाठी पोरी बसवल्या. संध्याकाळी भावानं विस्तवाच्या चिमट्यानं तो गोळा उचलला, डाळ झाडून घेतली, त्यावर लिंबू पिळलं आणि सगळं तिवाट्यावर टाकून आला. परत येताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मी त्याला म्हटलं, ती डाळ तिनं धुऊन शिजवली असती. तो हात धूत होता, त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

मी याआधी अडाण्यांची कीव करत आलो होतो. मास्तराला ती सवय असते. त्या संध्याकाळी कीव संपली. जिनं त्यांच्या पोरींना अक्षर दिलं तिची शेवटची वस्तू लोक चिमट्यानं धरतात, आणि त्याच लोकांची पिंक तिच्या अबोलीवर पडलेली असते. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी आबाजी स्वतः आले. आता ते भ्यालेले नव्हते. त्यांनी बसून पान लावलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की घर अजून मोकळं झालेलं नाही. सवाशीण गेली, तिची तेरवी गोडाची झाली पाहिजे आणि गाव जेवलं पाहिजे, म्हणजे घर मोकळं. तोवर कुणी पोरगी या फाटकात पाय ठेवणार नाही.

"आणि तेरवी झाल्यावर?" मी विचारलं.

"मंग काय वो मास्तर. घर मोकळं झाल्यावर कायची भीती? माही नात पयली धाडतो."

माझ्या भावाला तेरवी करायचीच होती. मी ना म्हणत होतो म्हणून तो थांबला होता. मी ओसरीवर बसून विचार केला. एका बाजूला तिची शिसारी होती. दुसऱ्या बाजूला तिचं काम होतं, आणि ते अर्धं राहिलं होतं. एका गोळ्याची कातडी मुलींना कळली होती, पण तो मोडल्यावर काय होतं ते कळायचं होतं, आणि त्याच्या पुढची सगळी अक्षरं, सगळे हिशेब. तिला विचारता आलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं आणि मग ती म्हणाली असती, करा. निदान मी तसं धरून चाललो. मी भावाला हो म्हटलं.

तेरवीच्या दिवशी सकाळपासून अंगणात चुलाण पेटलं होतं. निंबाखाली मुली बसत तिथं आचाऱ्यानं परातींत रवा आणि गुळाचा पाक कालवला. वरून खोबऱ्याचा कीस लावलेले लाडू हवेत, ही भावाची हौस. आचाऱ्यानं एक परात संपवली. लाडू लहान, सुबक, लिंबाएवढे झाले होते. आबाजी देखरेखीला होतेच. त्यांनी एक लाडू उचलून तळहातावर खेळवला.

"कायले गोट्या करून राह्यला गा? गाव म्हनन, मास्तरानं बायकोच्या नावानं गोट्या वाटल्या."

बसलेले लोक हसले. तिरडी बांधली होती त्या जागेपासून ते चार पावलांवर बसले होते. मग ठरलं की दुसऱ्या परातीचे लाडू मोठे बांधायचे, मूठ भरून. ते बाप्यांच्या पंगतीला. लहान झालेले बायकापोरांना. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. जिची तेरवी, ती जेवायला असती तर तिला गोटीच मिळाली असती.

पहिली पंगत बसली. उन्हात पत्रावळी सुकून कुरकुरत होत्या, आणि वरण वाढताच गळत होत्या. माशा इतक्या की वाढपी तोंडानं फुंकर घालत वाढत होता. तीच फुंकर लाडवांवर. जेवणारे घामानं निथळत होते आणि बोटं चाटत होते. एकानं दुसऱ्याला पैजेवर लाडू खाऊ घातले आणि भोवतीचे मोजत होते. कुत्री पत्रावळींच्या ढिगावर भांडत होती. एकजण जेवून उठला, भिंतीशी गेला, बोट घशात घालून ओकला, आणि परत येऊन दुसऱ्या पंगतीला बसला. लोकांनी त्याचं कौतुक केलं. मी यजमान, मला पंगतीतून फिरून "सावकाश होऊ द्या" म्हणावं लागत होतं. मी ते म्हणत होतो. 

तेव्हा नात आली. बायकांच्या बाजूनं, पंगत ओलांडून, हातात अर्धा लाडू घेऊन सरळ माझ्यापाशी. तिला कीस लावायच्या कामाला बसवलं होतं.

"मास्तरकाका, दोन्ही पराती सारख्याच होत्या ना?"

मी हो म्हटलं.

"लहान बांधले तं सूपभर कीस सरला. मोठे बांधले तं उरला. लय उरला." ती थांबली, आणि मग हळू म्हणाली, "फोडलं का आतलं बाहीर येते. त्याले बी मंग झाकाव लागते. म्हनून पीठ सरते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. त्या सगळ्या घाणीत, त्या बोटं चाटणाऱ्या रांगेत, तेवढी एक गोष्ट चोख होती. माझ्या चौथीतल्या एकाही मुलाला, इतकी वर्षं नियम म्हणून घेऊन, हे सांगता आलं नसतं. मी म्हणालो, "बरोबर आहे." 

आबाजींनी पानावरून हे ऐकलं. ते शेजारच्याला म्हणाले, "पाय बरं. मयताच्या पंगतीत पोट्टी मास्तरले हिशेब सांगून राह्यली." शेजारचा घास घेता घेता हसला. नातीला आईनं ओढून नेलं.

जेवणं झाल्यावर आबाजी हात धुवायला आले. लोटा माझ्या हातात होता, मी पाणी घालत होतो. मी विचारलं, उद्यापासून मुली पाठवाल ना.

त्यांनी हात चोळले. "मास्तर, बिनाबाईच्या घरात पोट्ट्या कशा धाडाव? तुमीच सांगा. लोक काय म्हनतीन?"

"घरात बाई नाही, हे तुम्ही शब्द दिला तेव्हाही माहीत होतं."

"होतं ना," ते शांतपणे म्हणाले. "पन तवा तेरवीची गोष्ट चालू होती."

मी पाणी घालत राहिलो. त्यांनी चूळ भरली, ती अबोलीवर टाकली, आणि धोतराच्या सोग्याला तोंड पुसत म्हणाले की वर्ष असं निघून जातं, माणसानं एकटं राहू नये. त्यांच्या साळ्याची एक मुलगी आहे, घरकामाला चांगली. "बाई आली घरात, का पोट्ट्या आल्याच समजा." त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि त्यानंच मला जास्त किळस आली. पोट भरलं होतं, मन भरून आलं होतं, आणि त्यांना माझं भलं करायचं होतं.

मी नाही म्हटलं. नंतरही दोन-तीनदा म्हणावं लागलं. भाऊ पुष्कळ दिवस बोलला नाही, कारण गाव एवढं जेवलं आणि मी त्याचा मान राखला नाही. मी शाळेत मुलींना बसवण्याची खटपट केली. डिपोटीसाहेबांना दोनदा भेटलो. त्यांनी गावाला विचारलं आणि गावानं त्यांना हो म्हटलं.

नातीचं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, मेडशीकडे. पुतणीचं एका वर्षानं. पुतणी माहेरी आली की भिंतीवरून डोकावते आणि मला काय वाचता ते विचारते. नातीला मी लग्नानंतर एकदाच पाहिलं, पोहरादेवीच्या जत्रेत, कडेवर मूल आणि डोक्यावर पदर. तिनं मला ओळखलं. सोबत सासरची माणसं होती, ती बोलली नाही. आबाजी गेले तेव्हा त्यांची तेरवी दोन दिवस चालली. मी बसायला गेलो आणि जेवणाआधी उठून आलो.

आता सरकारची समुद्रापलीकडची लढाई संपली आहे. मी अजून चौथीला शिकवतो. गोलाचं पृष्ठफळ पुस्तकात त्याच पानावर आहे. वर्गात मुलगे आहेत. आमच्या अंगणात दुपारी कुणी येत नाही.